नवरदेवाला फुल तिकीट

पासष्ट पुरी झाली त्या दिवशी आमचे हे सकाळी आंघोळ करून, मारुतीला नारळ फोडून, कुरकुंभवरनं हाफ तिकिटात दौंडला गेले आन् तसेच माघारी आले. काम काय हुतं? काय न्हाई. "सुलक्षणा, निम्म्यात जाऊन आलो," म्हणून दारात उभे. मी म्हटलं, घरी बसला असता तर फुकटात पडलं असतं. चार दिवस बोलले न्हाईत माझ्याशी. नाव पोपटराव, पण अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणतं, कारण कुठं जायचं आन् स्वस्तात कसं जायचं ते सगळे त्यांनाच इचारतात. मरू दे.

तर आमच्या स्वराजला हडपसरची मुलगी सांगून आली. स्वराज बत्तिशीचा, कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो, सुपारीचं खांडसुद्धा खात न्हाई. पण पोरींना पुण्यातलाच पाहिजे. पाबळची न्हाई म्हणाली, शिक्रापूरची न्हाई म्हणाली. शिरूरची हो म्हणायच्या बेतात हुती, तर ह्यांनी आम्हाला सवलतीच्या गाड्या गाठत गाठत असं काय फिरवून नेलं, की पोचलो तवा तिथं दुसऱ्याच पाहुण्यांची सुपारी फुटत हुती. तवापासून पोरगं आरशापुढं उभं राहीना. आता ही हडपसरची हातची गेली तर पुढं कोण इचारतंय? माझा जीव नुसता टांगणीला लागला हुता.

रविवारी अकराला या, असा निरोप आला. शनिवारी हे ओसरीवर बोटांवर हिशेब करत बसले.

"रेल्वेनं जाऊ की," मी म्हटलं. "दौंडवरनं बसलं की हडपसर."

"रेल्वेत म्हाताऱ्यांची सवलत बंद हाय. तिथं सगळेच फुल. एश्टीनं जायचं. तू बाई, तुला हाफ. मला हाफ. आबा पंच्याहत्तरीच्या वरचे, त्यांना फुकट." मग स्वराजकडं बघून ह्यांचं तोंड कडू झालं. "ह्यो एकटाच फुल. ह्याच्यामुळं माणशी सरासरी लई वर जातीय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. हे उठले, पारावर गेले आन् पंच्याहत्तरीच्या पुढचे चार म्हातारे ठरवून आले. त्यात एक शंभू आप्पा, ऐंशीचे, पांढरीशुभ्र मिशी, बायको जाऊन दहा वर्सं झालेली.

"आता बघ माणशी किती खाली आलं!"

"अवो, पण खर्च तेवढाच हाय की!"

"खर्च नको बघू, माणशी बघ. आन् ह्या एकाला गाळला, की आणखी खाली येतंय."

"नवरदेवाला गाळता?"

"पहिल्या खेपेला मोठी माणसंच बघून येतात. रीतच हाय ती."

स्वराज तिथंच हुता, हातात इस्त्रीचा शर्ट. बापापुढं तोंड उघडायची त्याला सवय न्हाई. त्यानं शर्ट गपचूप खुंटीला लावला. मला भडभडून आलं, पण आबा, माझे सासरे, समोर बसलेले, मी तरी काय बोलणार?

रविवारी आम्ही सात जणं एश्टीत बसलो. कंडक्टर आधारकार्डं बघून बघून दमला. शंभू आप्पांनी तर मिशीला तेल लावलं हुतं. साडेदहाला गाडी हडपसरला थांबली. मुलीचं घर रस्त्यावरनंच दिसत हुतं. गच्चीवर तिचा बाप वाट बघत उभा. मी पिशवी उचलली.

"बस खाली," हे म्हणाले. "तिकीट स्वारगेटपर्यंतचं हाय."

"अवो, ते बघा, व्याही हात करतायत!"

"तूही कर."

मी हात केला. त्या बिचाऱ्यानंही केला. गाडी पुढं गेली.

स्वारगेटला उतरल्यावर ह्यांना कळलं, की शहराच्या बसला एश्टीची सवलत चालत न्हाई. माणूस वणवण फिरला, चार कंडक्टरांना इचारलं आन् सगळ्यांचे दिवसाचे पास काढले. एकदा पैसे मोजा, मग दिवसभर कुठंबी फिरा. झालं! जाळ्यात आपणहून गेलो. हडपसरला सरळ गेलो तर पास वसूल कसा हुणार? म्हणून आधी कात्रज. कात्रजवरनं परत. मग निगडी. निगडीला काय हाय? मला काय ठावं, आम्ही खाली उतरलोच न्हाई. म्हातारी माणसं खिडकीत बसून हरखून गेली हुती, आबा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालत हुते. मी मात्र फोनवर मुलीच्या आईला सांगत हुते, "आलोच बाई, जवळच हाय." किती येळा खोटं बोलले, देव मला माफ करो.

चार वाजता ह्यांनी जाहीर केलं, "वसूल!" तवा कुठं आम्ही मुलीच्या दारात.

मुलीचे वडील ज्योतिबा, आई गिताबाई, आजी आक्काबाई. माणसं भली. कुणी एक शब्द वाकडा बोललं न्हाई. मुलगी हर्षदा पोहे घेऊन आली, तिसऱ्यांदा गरम केलेले. लॅबमधे रक्त तपासते. चेहरा तरतरीत, नजर सरळ. तिनं सगळ्यांकडं बघितलं. एक म्हातारा, दुसरा म्हातारा, तिसरा. शंभू आप्पांच्या मिशीवर येऊन तिची नजर थांबली. गिताबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

"मुलगा... यातला कोणता?" ज्योतिबांनी हळूच इचारलं.

"न्हाई न्हाई!" हे हसले. "त्याला फुल तिकीट पडतं. सरासरी बिघडत हुती."

सगळ्यांनी बशा खाली ठेवल्या. शंभू आप्पा तेवढे पोहे खात हुते. मला वाटलं, धरणीमाय पोटात घेईल तर बरं. हर्षदा माझ्यासमोर येऊन बसली.

"काकू, त्यांना यायचं होतं का?"

सासरे बसलेत, नवरा बसलाय, ह्याचा इचारच केला न्हाई मी. म्हटलं, "पोरी, त्यानं शर्टाला तीनदा इस्त्री केली आन् खुंटीला लावला. असल्या घरात ये असं मी कुठल्या तोंडानं सांगू? पण पोरगं सोनं हाय माझं."

ती उठली, आत गेली, पर्स घेऊन आली. "बाबा, मी बघून येते. एसटीत मला हाफच पडतं. फक्त त्यांना आधी कळवू नका, आहे तसा माणूस बघायचाय मला."

ह्यांचा चेहरा पडला. "एक हाफ वाढला म्हंजी..."

"आजीला पण नेते. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे."

"बसली!" हे उडालेच. "बसली सरासरी!"

ज्योतिबा मात्र शहाणा माणूस. म्हणाले, आमची मुलगी तुमच्या घरी, तर तुमचं एक माणूस आमच्या घरी राहील. अशी मी तारण म्हणून हडपसरला राहिले आन् सगळी वरात एश्टीनं माघारी गेली. गिताबाईंनी मला चहा दिला, साडी बदलायला दिली. दोघी हसत हुतो, पण आतनं धाकधूक.

दिवेलागणीला बेल वाजली. गिताबाईंनी दार उघडलं. बाहेर माझा स्वराज! तोच शर्ट अंगात, गाडीच्या गर्दीत पार चुरगळलेला, घामानं डबडबलेला.

"आये? तू एकटीच? बाकीचे कुठायत?"

"तू कसा आलास रं?"

"रेल्वेनं. फुल तिकीट काढून." मान खाली. "दुपारपर्यंत बसलो खुंटीकडं बघत. मग म्हटलं, न्हाई म्हणायचं तर तिनं मला बघून म्हणावं. शिरूरसारखं न्हाई. फोन केला न्हाई, बाबांनी माघारी पाठवलं असतं."

"लेकरा, ती तुला बघायला गावाला गेली."

तो पायरीवरच बसला. तेवढ्यात गिताबाईंचा फोन वाजला. हर्षदा आमच्या ओसरीवरनं बोलत हुती. गिताबाईंनी फोन स्वराजच्या हातात दिला.

"तुमचं घर बघितलं," ती म्हणाली. "गोठा बघितला, तुमची खुंटी बघितली, ती रिकामी आहे. तुम्ही आमचं घर बघताय. माणूस सोडून सगळं बघून झालं की हो."

"चुकलंच माझं," स्वराज म्हणाला.

"चुकलं नाही. आजच्या दिवसात तुम्ही एकटेच धड आमच्याकडे यायला निघालात. ऐका, उद्या सकाळी नऊला यवत. स्टँडसमोर हॉटेल असेल एखादं. तुम्ही तिकडून या, मी इकडून येते. आपापलं तिकीट काढायचं आणि बरोबर कुणालाही आणायचं नाही."

मागनं ह्यांचा आवाज आला, "यवत? दोन दोन तिकिटं कशाला? त्यापेक्षा..."

"काका, तुम्ही नाही," हर्षदा म्हणाली, आन् फोन ठेवला.

सकाळी मी त्या शर्टाला परत इस्त्री केली. मला बरोबर जायचं हुतं. लांबनं तरी बघावं, एवढंच. पण बरोबर कुणी यायचं न्हाई असं ठरलं हुतं, म्हणून गेले न्हाई. हडपसरच्या थांब्यावर त्याला गाडीत बसवलं आन् गिताबाईंच्या घरी येऊन भाजी निवडत बसले. एक काडी धड निवडता येईना.

साडेनऊला फोन आला.

"आये, पोहे मागवलेत."

"आन् ती?"

"समोर बसलीय. म्हणतीय, पोहे गरम हायत."

मी पदर तोंडात कोंबला आन् त्या परक्या घरात, भाजीच्या ताटापुढं, ओक्साबोक्शी रडले. गिताबाई शेजारी बसल्या आन् त्याही रडायला लागल्या.