एकाच हाताचा चमचा

पितळी चमचा भंगाराच्या डब्यात पडला, तशा वर्कशॉपमधल्या सगळ्या कानसा थांबल्या.

"हा कोणाच्या हातासाठी केलाय?" सरांनी विचारलं. "अंगठा इकडे, करंगळी तिकडे. असा हात देवाने अजून घडवलेला नाही, बाईसाहेब. घडवला की कळवा मला."

पोरं खो खो हसली. मुलीने डब्यात हात घालून चमचा उचलला. हे सर तिचे सख्खे मामा, हे त्या हसणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मामांची ताकीदच होती, की कॉलेजच्या फाटकाच्या आत नातं नाही. राहायला मात्र ती त्यांच्याच घरी. आईने लेक भावाच्या स्वाधीन केली होती, आणि कानस कशी धरायची हे भावाने तिला स्वयंपाकघरातल्या ओट्याशी, तिच्या हातावर हात ठेवून शिकवलं होतं.

आता तोच हात थरथरायला लागला होता.

घरात त्याबद्दल कोणी ब्र काढत नसे. मामी कप अर्धाच भरायची. सूप असलं की दोन कानांच्या मोठ्या मगात द्यायची, दोन्ही हातांनी धरता यावं म्हणून. पेपर वाचताना मामा उजव्या हातात मॉडेलच्या मातीचा गोळा दाबत बसायचे; बघणाऱ्याला वाटावं, कलावंताचा चाळा आहे. गोळा खाली ठेवला की त्यावर बोटांचे खड्डे राहत. मुलीने एकदा नीट पाहिलं. अंगठा एका खोल खड्ड्यात रुतून बसला की थरथर निवत होती, रडतं मूल कुशीत घेतल्यावर निवतं तशी. तिला भरून आलं. तिने गोळा हळूच उचलला आणि पदवीच्या प्रकल्पाचा विषय घेतला: थरथरत्या हातासाठी चमचा.

देवाला साक्षी ठेवून सांगावं, तर सुरुवात मायेनेच झाली होती.

पण मामांनी पहिला नमुना हातात घेतला आणि त्यांच्या अंगठ्याला आपली जागा आपोआप सापडली. त्या क्षणापासून ते पोरीच्या मुळावर उठले. चमचा डब्यात फेकला त्याच संध्याकाळी, जेवताना, ते शांतपणे म्हणाले, "विषय बदल."

"मामा, काम होत आलंय."

"खुर्ची कर, दिवा कर, काय वाटेल ते कर. चमचा परीक्षेला ज्युरीपुढे आणलास तर नापास करीन. आणि नापास झालीस की सामान बांध."

मामी मध्ये पडली. "अहो, पोरीने तुमच्यासाठीच तर..."

"तू वाढ."

मामीने वाढलं. मग भांडी विसळताना मुलीला म्हणाली, "संचालकांची जागा रिकामी होतेय. ज्युरीला बाहेरून ज्या बाई येणार आहेत, त्याच त्या जागेसाठी नाव सुचवणार आहेत. हात कळला तर ती जागा राहू दे, वर्कशॉपमध्येही उभं करणार नाहीत त्यांना. यंत्रं असतात ना तिथे. सोड ना हा विषय, माझी शहाणी."

"आणि माझं वर्ष? नवीन विषय आता कधी होणार, मामी?"

मामीने नळ मोठा केला.

ज्युरीच्या दिवशी लांबलचक टेबलावर सुपाचा वाडगा होता आणि शेजारी चमचा. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. आजाऱ्यांची अवजारं घडवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी चमचा भरला आणि सूप थेट बाहीवर सांडलं. शेजारच्या प्राध्यापकांचंही तेच झालं.

"माझ्या हातात तर हा नाचतोय," बाई म्हणाल्या. "आहे कोणासाठी?"

"एका माणसासाठी," मुलगी म्हणाली. "त्यांचं नाव नाही सांगता येणार."

"येणारच नाही," मामा म्हणाले. त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. "असा माणूसच नाही. मापं घरबसल्या रचलीत हिने. नुसतं नापास करून भागणार नाही, बाई. खोट्या मापांवर संशोधन उभं करणाऱ्याला आपण काढून टाकतो."

आता माणसाचं मन कसं असतं बघा. हात कोणाचा ते सांगणार नाही, असा शब्द पोरगी मामीला देऊन आली होती. वर्ष गेलं तर जाऊ दे, अशी मनाची तयारी झाली होती. मामा नापासावर थांबले असते, तर तिने तोंडातून अवाक्षर काढलं नसतं. पण चोर ठरवून हाकलायचं म्हटल्यावर तिची सगळी माया आटली, विहीर आटावी तशी, तळाचे दगड दिसेपर्यंत.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही धरून बघा."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मामा का? मग तर धराच. आम्ही सगळ्यांनी सांडलं, तुम्ही काय वेगळे?" त्यांनी वाडगा पुढे सरकवला.

खिशातून हात बाहेर आला. तो इतका कापत होता, की टेबलावरचे कागद फडफडले. मग बोटांनी दांडा धरला, अंगठा खड्ड्यात गेला, आणि हात शांत झाला. चमचा बुडाला, भरला, ओठांपर्यंत गेला. एक थेंब पडला नाही. मामांनी घोट गिळला आणि भाचीकडे पाहिलं, ओट्याशी पाहायचे तसं. क्षणभरच.

"वा," बाई म्हणाल्या. "अव्वल काम आहे हे. सर, कधीपासून आहे हात असा?"

मामांनी नजर वाडग्याकडे वळवली. शेजारच्या प्राध्यापकांनी आपली खुर्ची थोडी लांब घेतली.

"बरं, राहू दे. पोरी, तू पास, पहिल्या वर्गात. फक्त तुलनेला साध्या चमच्याचा फोटो हवा. त्याशिवाय अभ्यास पुरा कसा होणार?"

मामांनी पुन्हा भाचीकडे पाहिलं. त्यांची मान जेमतेम हलली, नको, एवढंच. जवळपास साधा चमचा नाही, असं ती सहज म्हणू शकली असती.

ती धावत कँटीनमध्ये गेली आणि चमचा घेऊन आली. आधी तिने तो पुसला. मग मामांच्या हातातला पितळी चमचा सोडवून घेतला, साधा दिला, वाडगा जवळ ओढला आणि आपली सावली पडू नये म्हणून खिडकीपासून बाजूला झाली.

"सर, थोडा जास्त भरून घ्या," ती म्हणाली. "सांडलेलं फोटोत दिसायला हवं."