रंभाजीच्या गाडीची चाल

"बंद कर! गोरख, इंजिन बंद कर म्हनतो ना!"

पायजमा वर खोचून आसाराम मिस्त्री पुणे रस्त्याच्या कडेनं धावत सुटला होता. गाडी मात्र कुणाचं ऐकायला तयार नव्हती. कधी तिची पुढची चाकं फरफटत, कधी मागची, आणि मध्येच ती अशी काही उसळी घेई की गोरक्षनाथाचं डोकं टपाला लागे. केडगावच्या हॉटेलात चहा पिणारी मंडळी बश्या हातात धरून बाहेर आली. शेवटी खाडकन आवाज करून गाडी थांबली आणि डोकं चोळत गोरक्षनाथ खाली उतरला.

"मिस्त्री, ही गाडी हाय का बेडूक?"

"मी काल काय सांगितलं हुतं? अ‍ॅक्सल दुसऱ्या जातीच्या गाडीचा हाय. बसंल, पन चालनार न्हाई. तूच म्हनला, बसवा तर खरं."

गोरक्षनाथाची गाडी लष्कराच्या लिलावातली. पुढची-मागची चारही चाकं ओढणारी. साध्या ट्रकनं जिथं हात टेकावेत, तिथून ही गाडी शेळीसारखी वर जायची. पण चढावर तिच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या, चाकं फिरवणाऱ्या गोळ्यातले दाते तुटले. नगरच्या भंगारात शोधून शोधून दुसरा अ‍ॅक्सल मिळाला, तर त्याच्या दात्यांचं प्रमाण निराळं निघालं. आता इंजिनानं जोर दिला की मागची चाकं एक म्हणत आणि पुढची दुसरंच.

"एका जुवाला खिलार बैल अन् रेडा जुपल्यावानी झालंय," आसाराम म्हणाला. "दोघं बी ताकदीचे, पन पाऊल सारखं न्हाई."

"मग पुढची चाकं सोडून देऊ. नुसती मागची चालू द्या."

"दे की. सपाटीला हरनावानी पळंल. तुझ्या बोरमाळाच्या चढाला काय करशील?"

 बोरमाळ गोरक्षनाथाचं गाव, डोंगराच्या माथ्यावर. त्र्याहत्तरचा उन्हाळा, वरच्या विहिरींनी केव्हाच तळ दाखवला होता. सरकारी टँकर पायथ्याला थांबे, आणि तिथून पाण्याची टिपाडं वर चढवणारी ही एकच गाडी होती. ती मोडल्यापासून अख्खं गाव डोक्यावर हंडे घेऊन चढ चढत होतं.

"परवा आई घसरली," तो हळूच म्हणाला. "तिला काय लागलं न्हाई. पन पानी सांडलं म्हनून तिथंच रडत बसली. कितींदा म्हनलं, उठ आता, तर म्हनती, भरला हंडा हुता रं."

आसारामनं काखेतलं फडकं काढून उगाच हात पुसले. एकाच गाडीचे, एकमेकांशी जुळणारे दोन्ही अ‍ॅक्सल कुठं आहेत, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक होतं, म्हणूनच तो भंगारात हिंडत होता.

रंभाजी त्याचा जिवाचा दोस्त. त्याची गाडीही याच जातीची. तापाचं निमित्त होऊन रंभाजी गेला, त्याला तीन वर्षं झाली. गाडी त्याच्या दारात तशीच उभी होती. बॉनेटवर मिरच्या वाळत, फाळक्यावर लुगडी सुकत, आणि आत कोंबड्यांनी संसार मांडलेला. एकदा एक भंगारवाला भाव विचारायला आला, तर रंभाजीची बायको कलाबाई चुलीवरची फुंकणी घेऊन त्याच्या मागं थेट वेशीपर्यंत गेली होती. तेव्हापासून त्या गाडीचं नाव कुणी काढत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसाराम तिच्या ओट्यावर जाऊन बसला. पाऊसपाण्याचं बोलून झालं. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या भाकरीला चव नसते, हेही बोलून झालं. चहा झाला. आसारामनं रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली.

"भावजी," कलाबाई म्हणाली, "तुमी बसल्यापासून गाडीच्या पोटाखाली बघताय. काय हरवलंय का तिथं?"

आसारामला ठसका लागला. मग त्यानं सगळंच सांगून टाकलं. बोरमाळ, चढ, दाते, गोरक्षनाथाची आई आणि तो सांडलेला हंडा. कलाबाई सूप मांडीवर धरून ऐकत होती. सूप थांबलं होतं.

"दोनी अ‍ॅक्सल काढले तर गाडी उभी कशी ऱ्हाईल?"

"दगडांवर ठिवतो. उंचीत फरक पडू देनार न्हाई. पन वयनी, ती मग पुन्यांदा चालनार न्हाई. तुमाला खोटं कशाला सांगू?"

"आता तरी कुटं चालती?" ती म्हणाली, आणि तिनं सूप बाजूला ठेवलं. "न्या. पन दोन गोष्टी हायेत. पैल्यांदा पानी वर नेताना मी गाडीत बसनार. आन् दुसरं, शिटावर तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलीय. ती उठली न्हाई पायजे."

असं काम आसारामनं जन्मात केलं नव्हतं. इंजिनं उतरवली होती, उलटलेले ट्रक सरळ केले होते. पण खुडूक कोंबडीला न हलवता गाडी उचलायची म्हणजे नवीनच विद्या. गोरक्षनाथ जॅकचा दांडा फिरवी आणि आसाराम खिडकीतून आत बघून सांगे, "हळू... हळू रं... मान वर केली तिनं... थांब." कोंबडी दोघांकडं अशा नजरेनं बघे की जणू त्यांनी तिचंच काहीतरी चोरलं आहे. गंजलेल्या बोल्टांवर घासलेट ओतायचं, वाट बघायची, पान्याला लोखंडी नळी अडकवून दोघांनी लोंबकळायचं. एक बोल्ट सुटताना असा कडाडला की गोरक्षनाथ दचकून पाठीवर पडला. तांबडी जागची हलली नाही.

दुपारी दोन्ही अ‍ॅक्सल बैलगाडीतून आसारामच्या पत्र्याच्या शेडात आले. त्यानं मागचा गोळा उघडला. तीन वर्षं उन्हापावसात उभी असलेली गाडी, पण आतल्या जुन्या तेलात दाते लख्ख होते. एकालाही टवका नव्हता. आसाराम बोट फिरवत बसला.

"लई जपायचा," तो म्हणाला. "बायकोला लुगडं घ्यायला इसरंल, पन तेल बदलायला न्हाई. आमी हसायचो त्येला."

दोन दिवस दोघं गोरक्षनाथाच्या गाडीखाली होते. जोडणी झाल्यावर आसारामनं चाकं अधांतरी उचलून चारही टायरांवर खडूच्या रेघा मारल्या आणि इंजिन अगदी हळू चालवायला लावलं. रेघा वर आल्या त्या एकदम आणि खाली गेल्या त्याही एकदम.

"जमलं!" आसाराम ओरडला, आणि उठताना त्याचं डोकं फाळक्यावर आपटलं. तरी तो हसतच होता.

पायथ्याला टिपाडं भरली. कलाबाई धुवट लुगडं नेसून, कपाळापर्यंत पदर घेऊन गोरक्षनाथाशेजारी बसली. आसाराम मागं टिपाडांना धरून, पायाशी चाकामागं लावायचा उटीचा मोठा दगड घेऊन उभा राहिला. पहिली दोन वळणं सहज निघाली. तिसरं वळण मुरमाचं. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, टिपाडं डचमळली, गाडी मागं सरकली. आसारामनं दगड उचलला.

"पुढची टाक!" तो ओरडला.

गोरक्षनाथानं चाकं जोडणारा दांडा ओढला. पुढच्या चाकांनी मुरूम धरला. गाडी थरथरली आणि चारही चाकांवर एका चालीनं वर निघाली. तिच्या पोटातून एक बारीक, लांबलचक सूर उठला, घुमत्या भिंगरीसारखा.

कलाबाईनं गोरक्षनाथाचा दंड धरला.

"काय झालं, आक्का? भ्या वाटलं?"

"न्हाई रं." ती मागं वळली. "भावजी, ऐकलं का? केडगावच्या वेशीत यांची गाडी आली की ह्योच आवाज यायचा. ह्यो ऐकला की मी तवा चुलीवर ठिवायची. ह्ये हात धुऊन बसंस्तवर भाकरी फुगलेली असायची."

 आसारामनं हातातला दगड हळूच खाली ठेवला. उरलेला चढ तिघंही तो सूर ऐकत चढले.

माथ्यावर एकच गलका उठला. बाया हंडे-कळशा घेऊन धावल्या. गोरक्षनाथाची आई सगळ्यांत पुढं. ती टिपाडाला असा हात लावून उभी राहिली, जणू ते कुणी ओढूनच नेणार होतं. "रांगेत, गं, रांगेत!" ती सगळ्यांना दटावत होती, आणि स्वतः मात्र रांगेच्या बाहेर होती. गोरक्षनाथाला कुणीतरी गुलाल लावला. आसारामच्या हातात गूळ आला.

तो गूळ कलाबाईला द्यायला गेला, तर ती जागेवर नव्हती. गाडीच्या मागच्या बाजूला ती उकिडवी बसली होती. हात पोटाखाली घालून तिनं अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्यावर तळवा टेकला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"गरम हाय," ती म्हणाली.

"चढ चढून आलाय, वयनी. हुनारच."

ती उठली. तळहात तेलानं काळा झाला होता. गोरक्षनाथाच्या आईनं ते पाहिलं आणि रांग सोडून भरला तांब्या घेऊन आली.

"हात पुढं करा, बाई."

"नगं. प्यायला ठिवा ते," कलाबाई म्हणाली. तिनं वाकून चिमूटभर माती घेतली, तळहातावर चोळली आणि झटकली. बरंचसं निघालं. रेघांमधलं काळं तेवढं तसंच राहिलं.

परतताना, रिकामी टिपाडं खडखडत असताना, तिनं तो हात मांडीवर उताणा ठेवला होता.