दुसऱ्या गोळीचा गुलाबी रंग

पाण्याला वास यायला लागला तशी लांब्रिनीने क्लोरीन वाढवला. वास आणखी चढला, ओल्या कुबट मोज्यांसारखा. तिने पुन्हा वाढवला. क्लोरीनचा वास आला की गाव म्हणतं, पाणी स्वच्छ. मूर्खपणा गावाचा खरा, पण पाणी सांभाळायचा पगार ती घेत होती.

बुधवारी तिने तपासणीच्या नळीत पहिली गोळी टाकली. रंग आलाच नाही. दुसरी टाकल्यावर पाणी गुलाबी झालं. पहिली गोळी मोकळा क्लोरीन दाखवते, जंतू मारणारा. दुसरी सगळाच दाखवते, प्रथिनांच्या तुकड्यांना चिकटून निकामी झालेलासुद्धा. म्हणजे क्लोरीन होता, पण हातपाय बांधलेला. हे तिला शिकवलं होतं. प्रथिनं कुठून आली तेही ठाऊक होतं. गावाचं पाणी ज्या ओढ्यातून येतं, त्याच्या वरच्या अंगाला झिसिसचा चीजचा कारखाना. वसंतात मेंढ्यांच्या दुधाला पूर येतो, आणि चीज गाळून उरलेलं पाणी त्याने ओढ्यात सोडलं होतं.

झिसिस तिच्या मुलीचा, फ्रोसोचा धर्मबाप, म्हणजे तिचा कुंबारे, धर्माने जोडलेला नातलग. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून ज्याने पोर उचलली त्याच्यावर बोट रोखायचं नाही, ही एपिरसच्या डोंगरातली रीत. सख्ख्या भावाला कोर्टात खेचा, कुंबारेला नाही.

वास त्याच्याही घरी पोचला तेव्हा तो विचारायला आला. "पाणी बरंय ना?"

"गुलाबी आलं," ती म्हणाली. गुलाबी म्हणजे पाणी चांगलं, एवढंच गावाला ठाऊक; कुठल्या गोळीने, ते तिने सांगितलं नाही. शब्दाने खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त घाणेरडं होतं.

शुक्रवारी जीवनदायी झऱ्याचा सण. ईस्टर नुकताच झालेला. गाव चर्चच्या नळापाशी जमलं. पाद्री लाझारोसने तांब्याच्या परातीतल्या पाण्यात क्रूस बुडवला. पहिला पेला म्हाताऱ्या वासिलोला मिळाला.

"लांब्रिनी, टाकीत बोकडाला आंघोळ घातलीस का गं?" तोंड पुसत ती म्हणाली.

"नाक धर आणि गिळ, आजी," झिसिस हसला. "आपल्या लांब्रिनीने तपासलंय."

मग त्याने पेला भरला आणि फ्रोसोला जवळ घेतलं. पोरीला पवित्र पाणी धर्मबापाच्या हातूनच द्यायचं असतं.

लांब्रिनी थांबली. पाद्री काही बोलेल, देव काही करेल, अशी वाट पाहत तिने दोन दिवस काढलेच होते. पेला पोरीच्या ओठांना लागला. लांब्रिनीने तो हिसकावला आणि परात लाथेने उलटी केली. पवित्र पाणी धुळीत गेलं. बायकांनी छातीवर क्रूस काढले.

"उकळल्याशिवाय कोणी पिऊ नका," ती म्हणाली. "यात जंतू मरत नाहीयेत. मला बुधवारपासून माहीत आहे."

"तू तर गुलाबी म्हणालीस," झिसिस हळूच म्हणाला. तो भांडत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "मी पोरीला पाजत होतो गं."

"तुला वाचवायला म्हणाले, कुंबारे. तुझ्या चीजचं पाणी आहे त्यात."

"आणि मी?" वासिलोने विचारलं. "मी तर प्यायले."

लांब्रिनी तिचा हात धरायला पुढे झाली. म्हातारीने हात मागे घेतला.