हाताचा दाब

“सत्त्याहत्तर दिवस, मार्तंडभाऊ! सत्त्याहत्तर दिवसांत एकदाही चुकली नाही ही!”

श्वेता मॅडमनी आलूबोंड्यांची पुडी टाकीच्या कठड्यावरच उघडली. एरवी तिथे कुणी पाण्याची बाटली ठेवली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मार्तंड शेंड्यांनी हात पुसले, एक आलूबोंडा उचलला आणि तो तसाच धरून उभे राहिले.

कामठी रोडवरच्या त्या खनिज-चाचणी केंद्रात त्यांची सव्वीस वर्षं फेसाकडे बघण्यात गेली होती. जगात बघण्यासारखं पुष्कळ असतं म्हणतात. मार्तंडभाऊंच्या वाट्याला फेस आला. तांब्याच्या दगडाची भुकटी पाण्यात कालवायची, औषध सोडायचं, खालून हवा फुंकायची. तांब्याचे कण बुडबुड्यांना धरून वर येतात, बाकीचा गाळ खाली जातो. कण बुडबुड्याला धरणार की नाही, हे बरंचसं त्या कालवलेल्या पाण्यातल्या विजेवर ठरतं. ती मोजायला मॅडमनी प्लॅटिनमच्या टोकाची एक काडी टाकीत सोडली होती. काडी आकडा सांगायची आणि त्या आकड्यावरून मशीन औषध सोडायची. पूर्वी हेच काम मार्तंडभाऊ फेसाचा रंग बघून करत.

“रिपोर्ट तयार आहे. ‘काडीला देखभाल लागत नाही’ असं स्वच्छ लिहिलंय. आता खाणीवरच्या मोठ्या प्लँटवर बसणार ही. चार वर्षं लोक हसत होते मला.”

“अन् इथले ऑपरेटर, मॅडम?”

मॅडमनी कागदाला बोटं पुसली. “तिन्ही शिफ्ट मिळून एकच माणूस ठेवा म्हणतायत वरचे. मी बोलून बघते.”

बोलून बघते म्हणजे काय, हे कंत्राटावर सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण मार्तंडभाऊंचा आलूबोंडा हातातच राहिला होता तो वेगळ्याच कारणाने.

चाचणीच्या पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना बजावलं होतं, काडीला कुणी हात लावायचा नाही. न पुसता ती किती दिवस खरं सांगते, तेच तर बघायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मार्तंडभाऊंना टोकावर काळी साय दिसली. कळकट भांडं दिसलं की या माणसाला अन्न गोड लागत नाही. बायको, जया, त्यावरून त्यांना आयुष्यभर चिडवत आली. त्यांनी काडी बाहेर काढली, ओल्या फडक्यावर चिमूटभर दंतमंजन घेतलं, टोक घासलं, धुतलं आणि काडी जागेवर ठेवली. दोन मिनिटांचं काम. नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून लिहिलं नाही. मग ते रोजचंच झालं.

म्हणजे जिला माणूस लागत नाही असं रिपोर्टात लिहिलं होतं, तिला पंचाहत्तर दिवस माणूसच घासत होता. स्वतःच्या नोकरीवर कुऱ्हाड चालावी म्हणून इतक्या निगुतीने कष्ट घेणारा दुसरा कुणी नागपूर जिल्ह्यात सापडला नसता.

दोन वाजता दुसऱ्या शिफ्टचा प्रीतम वासनिक आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो जागच्या जागी उडालाच.

“सांगा ना मंग मॅडमले! चूप काहून बसून राहिले तुमी? रिपोर्ट फिरला त आपल्या नोकऱ्या वाचतीन, गा.”

“तुमच्या वाचतीन. चाचणी त म्या नासवली. मले ठेवन का कोनी?”

“साठीले किती राहिलं तुमच्या?”

“दीड वर्ष.”

प्रीतमने नोंदवही जवळ ओढली आणि म्हणाला, “तुमीच पाहा भाऊ आता.”

मार्तंडभाऊंनी रात्रभर पाहिलं. नोकरीची भीती होतीच, ती काही लपवण्यासारखी गोष्ट नाही. पण डोळ्यांपुढून जात नव्हता तो खाणीवरचा मोठा प्लँट. तिथे टाकी घरापेक्षा उंच असेल, आत काडी काळी पडत जाईल आणि तिला घासायला कुणी नसेल, कारण तसं रिपोर्टातच लिहिलेलं असेल.

सकाळी सात वाजता ते मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले.

“मॅडम, काडीले म्या हात लावला. मंजनानं घासत होतो.”

“कधी?”

“रोज. सुटी नाही घेतली मी.”

मॅडमचा आवाज चढला. “मी एवढं बजावलं होतं ना? काय करून बसलात, कळतंय का तुम्हाला?”

“कळून राहिलं, मॅडम. म्हनूनच सांगून राहिलो.”

आपल्या मुलीच्या वयाच्या त्या बाईसमोर मान खाली घालून उभं राहताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिपोर्ट थांबला. चाचणी पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी मार्तंडभाऊंनी स्टुलावर बसून नुसतं बघायचं होतं. चौथ्या दिवशी काडी काळी पडली. आकडा जिथल्या तिथे आणि मशीन आपली औषध ओततेय. जास्तीच्या औषधाने सडक्या अंड्यांचा वास सुटला, फेस फिका पडला, तांबं गाळाबरोबर वाहून जायला लागलं. मार्तंडभाऊ दोन्ही हात काखेत दाबून बसले होते. शेवटी ते भिंतीकडे तोंड करून बसले.

त्यांना कुणी काढलं नाही. आठव्या दिवशी मॅडमनी बोलावलं. टेबलावर बोटाएवढी मोटर होती आणि तिला छोटा ब्रश लावलेला.

“काडी घासावी लागते, हे तुमच्यामुळे कळलं, मार्तंडभाऊ. आता हा ब्रश दर आठ तासांनी घासेल.”

“मंग ऑपरेटर?”

“ते... एकच.” मॅडमनी नजर वर केली नाही. “मी बोलले होते.”

मार्तंडभाऊंनी मान हलवली. दोन वाजता प्रीतमला हे सांगावं लागणार होतं.

“एक मदत हवी होती,” मॅडम म्हणाल्या. “हलकं घासलं की साय निघत नाही, जोरात घासलं की टोक झिजतं. तीन दिवस झाले, मला जमत नाहीये. तुम्ही किती दाबून घासता?”

“ते कसं सांगू? हाताले समजते.”

मॅडमनी वजनकाटा पुढे ओढला, काडी त्याच्यावर पक्की बसवली आणि काटा शून्यावर आणला. मार्तंडभाऊंनी फडकं ओलं केलं, मंजन घेतलं आणि घासलं. काटा एकशे ऐंशी ग्रॅमवर स्थिर राहिला. मॅडमनी पुन्हा करायला सांगितलं. एकशे ऐंशी. तिसऱ्यांदाही तेवढंच. मॅडम त्यांच्या बोटांकडे बघत राहिल्या.

“एकशे ऐंशी लिहिते मग.”

“लिवा. पन मॅडम, बारा महिने तेवढंच नोका ठेवू. पावसाळ्यात माल चिखलाचा येते, साय चिकट राह्यते. तवा जास्ती लागन.”

“किती जास्त?”

मार्तंडभाऊंनी डोळे मिटले, जुलैतली एक ओली सकाळ आठवली आणि काडीवर बोट टेकवलं. काट्यावर दोनशे वीस आले. मॅडमनी तेही लिहून घेतलं.