मनगटावरची हाक

सुगंधानं तोंडासमोर धरलेली डबी बाजूला सारली आणि पदर ओठांवर ओढून घेतला.

"नाव मी घेवचंय नाय."

तिच्या लेकीनं, अक्षतानं, डबी हातात घेतली. साकीनाक्याच्या प्रयोगशाळेत तिनं ती घडवली होती. आतली चिप संगणकासारखी आकडेमोड करत नसे. मेंदूतल्या पेशींप्रमाणे विजेच्या चढउतारांवरून शिकवलेला शब्द त्याच क्षणी ओळखायची आणि तिच्या वडिलांच्या, धाकूच्या, मनगटावरचा पट्टा थरथरायचा.

धाकूचे कान गिरणीतल्या मागांच्या खडखडाटानं कधीच खाल्ले होते. घरच्यांचे ओठ वाचून, नाहीतर पाटीवर लिहून त्याचं चालायचं. गेल्या महिन्यात सुगंधा मोरीत पडली, तासभर हाका मारत राहिली, आणि हा चार पावलांवर पेपर वाचत बसला होता. तेव्हाच अक्षतानं बजावलं होतं, रविवारपर्यंत पट्टा जमला नाही तर आई दिंडोशीला माझ्याकडे येईल. तिथे दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती. आज रविवार होता, आणि भरलेली पिशवी दाराशी होती.

आधी त्यांनी 'अहो' शिकवलं होतं. डबीनं ते झटक्यात उचललं आणि तिथेच वाट लागली. शब्द कुठला हे तिला कळे, म्हणणारी कोण हे नाही. शेजारची कुंदा नवऱ्याला हाक मारी, मालिकेतली सून लाडात येई, आणि धाकू उठून येई. सकाळपासून बिचाऱ्याच्या अकरा खेपा झाल्या होत्या. अक्षतानं मग वेगळेच शब्द सुचवून पाहिले.

"पडल्यार माका तो शबुद आठवाचो नाय," सुगंधा म्हणाली.

"मग जो तू मरतानासुद्धा विसरणार नाहीस, तो शिकवू."

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं सुगंधाला आजीनं सांगितलं होतं. सेहेचाळीस वर्षं तिनं ते पाळलं होतं. तिनं पिशवीकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून, पदराआडूनच ती डबीत बोलली. वीस वेळा.

पट्टा थरथरला तसा बाहेर गॅलरीत कपडे वाळत घालणारा धाकू आत आला.

"ह्या खेपेक कोण?" त्यानं दमून विचारलं.

अक्षतानं पाटीवर लिहिलं, 'आई.'

"काय म्हणता ती?"

तिनं आईकडे पाहिलं. सुगंधानं मान वर केली नाही. अक्षतानं त्याच्याखाली आणखी दोनच अक्षरं लिहिली, 'धाकू.'

त्यानं पाटी खाली ठेवली. मग त्यानं पट्टा सोडून टेबलावर ठेवला, सुगंधासमोर खुर्ची ओढून बसला आणि तिच्या ओठांवरचा पदर हलक्या हातानं बाजूला केला.

"आता परत म्हण," तो म्हणाला.