एकपासून मोजायची पट्टी

सकाळी साडेनऊला कारखान्याचं शटर वर करतेय, तोच चार माणसं आत शिरली. कोर्टाच्या कमिशनर बाई, एका मोठ्या कंपनीचे वकील, एक कॉम्प्युटरवाला आणि एक पोलीस. हातात झडतीचा हुकूम. म्हणे, खिडकीच्या कडीचं डिझाइन आम्ही त्या कंपनीकडून चोरलं. आधी कळवलं तर चोर पुरावा लपवतो, म्हणून असं न सांगता येतात. आणि चोर कोण, तर आमचे हे. ह्यांना घरात बिस्किटांचा डबासुद्धा लपवता येत नाही.

माझं डोकंच फिरलं. "बघा काय बघायचंय ते," मी म्हटलं. "फक्त बूट पुसून आत या."

साचे सील करायचे, असं हुकुमात लिहिलेलं होतं. साचे गेले की कारखाना बंद, कारण आम्ही ही एकच कडी बनवतो. हे स्टुलावर बसले ते बसलेच.

कॉम्प्युटरवाल्याने आमचं पहिलं ड्रॉइंग शोधून काढलं. कंपनीचं हुकुमाला जोडलेलंच होतं. बाईंनी दोन्ही शेजारी ठेवली. दांड्याची लांबी इथे एकाहत्तर मिलिमीटर, तिथेही एकाहत्तर. मुलगा पहिला आल्यासारखा वकिलांचा चेहरा खुलला.

"अहो, एकाहत्तर ही तर ह्यांची चूक आहे," मी म्हटलं.

आमच्याकडे सासऱ्यांची पोलादी पट्टी आहे. त्यांनी जन्मभर तिने रंगाचे डबे उघडले, त्यामुळे शून्याकडचं टोक पार झिजलंय. हे एकच्या खुणेपासून मोजतात आणि एक सेंटीमीटर वजा करतात. त्या दिवशी वजा करायचं विसरले. पहिली कडी चौकटीत बसेचना. तेव्हापासून दोन वर्षं मी ह्यांना त्यावरून टोमणे मारतेय.

बाईंनी फळीवरची तयार कडी उचलली, स्वतःच्या टेपने मोजली. एकसष्ट. मग वकिलांकडे वळल्या. "तुमच्याकडे कुठल्या पट्टीने मोजतात?"

वकील कागद चाळत राहिले.

"ते चुकलेलं ड्रॉइंग आम्ही या वकिलांच्याच कंपनीला पाठवलं होतं," मी म्हटलं. "कडी घ्याल का म्हणून. साधं उत्तर आलं नाही." कॉम्प्युटरवाल्याला ती मेल उघडायला लावली. तारीख कंपनीच्या ड्रॉइंगच्या दोन महिने आधीची.

"निकाल देणं माझं काम नाही," बाई म्हणाल्या. "दिसलं ते मी लिहिते."

"मग सगळं लिहा. पट्टीसुद्धा."

त्यांनी लिहिलं. साच्यांना सील लागलंच, पट्टीही पाकिटात गेली. ते बारा दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. तेराव्या दिवशी न्यायाधीशांनी हुकूम मागे घेतला, सील निघालं आणि आमच्या जिवात जीव आला.

पट्टी मात्र अजून कोर्टातच आहे. मी ह्यांना नवी आणून दिली, शून्य ठळक दिसणारी. काल ह्यांनी नव्या कडीचं माप घेतलं आणि तेही एकपासून. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. ज्या चुकीने आमचं घर वाचवलं, तिला आता काय बोलायचं?

"वजा केलंत ना?" एवढंच विचारलं.

हे खोडरबर शोधायला लागले.