कर्दनकाळाची खुर्ची

मी एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करायला बसू नका, मित्रांनो. माझ्या पाठीला खोल पोचा आलाय, एका पायाचं रबर कधीच हरवलंय आणि घडी उघडताना मी अशी किंचाळते, की खिडकीतलं मांजर पळ काढतं. पण माझ्या बसायच्या पत्र्यावर एक ओळ लिहिलेली आहे, आणि तसली ओळ दुसऱ्या कुठल्याही खुर्चीवर नाही. ती कशी आली, तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचा तुकडा यंत्राखाली सरकला, धाडकन आवाज झाला आणि माझी पाठ तयार झाली. मग नळ्या वाकवून पाय केले, राखाडी रंग मारला, आणि पाठीमागे पांढऱ्या रंगात आकडा काढला : एकशे सतरा. माझ्यासारख्या दोनशे जणींना एका मोठ्या सभागृहाने विकत घेतलं. पहिली चार वर्षं मी नुसती भाषणं ऐकली. ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून उभा राहिलेला माणूस तासभर खाली बसायचा नाही, आणि माझ्यावर बसलेला माणूस पेंगून पेंगून घसरायचा. वैताग आला होता नुसता.

मग एके दिवशी सभागृहात मधोमध दोरांची रिंग उभी राहिली आणि कुस्तीचे खेळ सुरू झाले. मातीतली कुस्ती नव्हे बरं का. ही झगमगाटाची, दिव्यांची, टीव्हीवर दिसणारी कुस्ती. तिच्यात एक पैलवान गुणी असतो, त्याला टाळ्या. दुसरा दुष्ट असतो, त्याला शिव्या. आमच्या सभागृहातल्या दुष्टाचं नाव कर्दनकाळ. सहा फूट चार इंच, काळा पोशाख, जाड भुवया. पहिल्याच दिवशी तो रिंगमधून खाली उडी मारून पहिल्या रांगेत आला. माझ्यावर एक जाडजूड गृहस्थ बसले होते. त्यांना त्याने कॉलर धरून उचललं, अलगद शेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि मला घेऊन गेला. मग माझी पाठ त्या गुणी पैलवानाच्या पाठीत अशी बसली, की अख्खं सभागृह उठून उभं राहिलं.

यातली गंमत आपल्या आपल्यात ठेवा. पत्रा सपाट पडला पाहिजे, कड लागता कामा नये. सपाट पडला की आवाज शेजारच्या गल्लीपर्यंत जातो आणि मार खाणारा पैलवान संध्याकाळी घरी जाऊन नीट जेवतो. आवाज द्यायचं काम माझं. खोटं कशाला बोलू, त्या कामात माझा हात धरणारी कुणी नव्हती. त्या दिवसापासून कर्दनकाळाने दुसरी खुर्ची उचलली नाही. बारा वर्षं मी त्याच्या गाडीतून गावोगाव फिरले.

आणि महिन्यातून एका दुपारी असायचा स्वाक्षऱ्यांचा कार्यक्रम. सभागृहाच्या लांब पडवीत टेबल मांडायचे, टेबलामागे मी, माझ्यावर कर्दनकाळ आणि समोर चाहत्यांची रांग. रांग सांभाळायला एक व्यवस्थापक होते. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्यांना सगळे शिट्टीमास्तर म्हणत. प्रत्येकाला अर्धं मिनिट. तेवढं झालं की फुर्रर्र!

आमच्या धंद्यात एक नियम फार कडक असतो. दुष्टाने टेबलावरसुद्धा दुष्टच राहायचं. हसायचं नाही, ‘कसे आहात’ विचारायचं नाही. फोटो खेचायचा, सही ओढायची, फोटो ढकलून द्यायचा आणि वर गुरगुरायचं. लोक त्याच्यासाठीच तर यायचे! एक बँकेतले कारकून आठवडाभर भाषण पाठ करून आले आणि समोर येताच त्यांची दातखीळ बसली. कर्दनकाळ म्हणाला, “तोंडात काय कोंबलंयस? चल, फूट!” तर ते आनंदाने उड्या मारत गेले. एका आजीबाईंना घाईत गुरगुर मिळाली नाही, तर त्या तिथेच अडून बसल्या. “अहो, माझ्या धाकट्या बहिणीवर दोनदा गुरगुरलात, मग माझ्यावरच का नाही?” त्यांच्यासाठी वेगळी, लांबलचक गुरगुर काढावी लागली.

खरा कर्दनकाळ कसा होता, ते मला विचारा. गुरगुर चांगली यावी म्हणून सकाळी मिठाच्या पाण्याने गुळण्या करायचा. गाडीत कोळी दिसला तर कागदावर घेऊन बाहेर सोडायचा. मनाने अगदी लोणी! आणि त्या लोण्यापायीच एकदा फार मोठी चूक झाली.

त्या दिवशी रांगेत एक बाई आली. चाळिशीची, गळ्यात मोजायची टेप तशीच लटकलेली. कपडे शिवायचं काम करायची, मशिनवरून उठून तडक आली होती. तिने फोटो पुढे ठेवला आणि एका दमात म्हणाली, “माझ्या बाबांचा अपमान करा.”

कर्दनकाळाच्या भुवया वर गेल्या.

“बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. असा खणखणीत आवाज, की वरून ओरडले तर खाली कामगारांना ऐकू जायला कर्ण्याची गरज नसायची. दर शनिवारी दुपारी आम्ही दोघं तुमची कुस्ती बघायचो. तुम्ही खुर्ची उचलली रे उचलली, की बाबा टीव्हीसमोर उभे राहून ओरडायचे, ‘खुर्ची टाक, पळपुट्या!’ सहा महिने झाले, त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, बोलणं परत येईल, चालणंही जमेल, पण त्यांनी मनावर घेतलं पाहिजे. ते मनावरच घेत नाहीत हो. भिंतीकडे बघत पडून असतात. तुम्ही त्यांना काहीतरी असं लागेलसं लिहा, की ते चिडून उठतील.”

फुर्रर्र! शिट्टीमास्तरांनी शिट्टी मारली.

कर्दनकाळाने घाईघाईने फोटो ओढला आणि लिहिलं. मी खालून काय बघणार? पण त्याचा श्वास जड झालेला मला जाणवला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

महिन्याने ती पुन्हा आली. या वेळी तिने चाकांची खुर्ची ढकलत बाबांना आणलं होतं. मोठ्या हाडापेराचा म्हातारा, पण मान खाली, नजर स्वतःच्या चपलांवर. तिने तो जुना फोटो टेबलावर आपटला आणि मोठ्याने वाचला :

“‘आदरणीय बाबा, काळजी घ्या, लवकर बरे व्हा. आपला नम्र, कर्दनकाळ.’ आपला नम्र? तुम्ही? अहो, बाबांनी हे वाचलं आणि फोटो पालथा घातला. त्या दिवसापासून शनिवारी टीव्हीसुद्धा लावू देत नाहीत. आहे नाही तो एक शत्रू उरला होता, तोही तुम्ही काढून घेतलात!”

अरे देवा! मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बारा वर्षं ज्याने एक हसू सांडलं नाही, त्याने नेमकं जिथे दुष्टपणा हवा तिथेच चांगुलपणा केला होता.

कर्दनकाळ पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, “ताई, चुकलो. पण आजारी माणसाला सगळ्यांसमोर कसं बोलू? लोक मला जोडे मारतील.”

“लोक गेले खड्ड्यात,” ती तशीच हळू म्हणाली. “माझे बाबा चाललेत.”

कर्दनकाळ असा उठला, की टेबल हाललं. एका झटक्यात त्याने माझी घडी घातली, मला डोक्यावर उचललं आणि टेबलाला वळसा घालून थेट म्हाताऱ्यासमोर उभा राहिला.

“हाच का तो?” त्याच्या गर्जनेने पडवी दणाणली. “हाच टीव्हीसमोर मला पळपुट्या म्हणायचा? आता का वाचा बसली रे? घाबरलास ना मला? पोरीच्या मागे लपतोस?”

रांगेत एकच गलका उडाला. “अहो, लाज नाही वाटत?” “आजारी माणूस आहे तो!” “फोन लावा कुणीतरी!” शिट्टीमास्तर शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले. मुलगी मात्र हलली नाही. दोन्ही हातांनी तिने टेप घट्ट धरली होती.

मी वर होते, म्हणून मला सगळ्यात आधी दिसलं. म्हाताऱ्याची मान वर आली. डोळे माझ्यावर खिळले. माझ्यावर, मित्रांनो! ओठ एका बाजूला वाकडे झाले, गळ्याची शीर फुगली, डावा हात चाकावर आपटला.

“खु...” तो म्हणाला. “खु... खुर्ची...”

शिट्टीमास्तरांच्या तोंडातून शिट्टी गळून पडली.

“खुर्ची टाक!”

आवाज घोगरा होता, अर्धा तोंडातच राहिलेला. पण सात महिन्यांनी त्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघाला आणि तो शब्द मी होते. मोठमोठ्या सिंहासनांच्या नशिबी हे आलं असेल का, तुम्हीच सांगा. मुलीने तोंडाला पदर लावला आणि ती तिथेच मटकन बसली.

मला वाटलं, आता कर्दनकाळ विरघळणार, सगळं मुसळ केरात. पण गडी शहाणा झाला होता. त्याने मला खाली ठेवलं, म्हाताऱ्यासमोर उघडी करून. इतक्या वर्षांत त्याने कुणाच्या सांगण्यावरून मला खाली ठेवलं नव्हतं.

“टाकली,” तो गुरगुरला. “तुला घाबरून नाही, हात दुखला म्हणून. घेऊन जा हिला. स्वतःच्या पायांनी येऊन हिच्यावर बसलास, तर तुझी. नाही बसलास, तर मी न्यायला येईन, आणि सगळ्या गल्लीसमोर हसेन.”

मग गुडघ्यावर बसून त्याने जाड काळ्या पेनने माझ्या पत्र्यावर लिहिलं : ‘हा म्हातारा या खुर्चीवर कधीच बसू शकणार नाही. कर्दनकाळ.’ शेवटच्या अक्षरावर एक थेंब पडला आणि शाई थोडी पसरली. तो घाम होता, असं तो अजून छातीठोकपणे सांगतो.

अशी मी या घरी आले. मुलीने टेप काढली, पलंगापासून खिडकीपर्यंत मोजलं आणि मला बरोबर अकरा फुटांवर मांडलं. पहिले काही दिवस म्हातारा माझ्याकडे नुसता डोळे वटारून बघायचा. मग एका सकाळी मला म्हणाला, “ब... बघतो तुला.” मी मनात म्हटलं, ये की, मी कुठे पळून चाललेय? डॉक्टरीणबाईंनी व्यायाम शिकवले, मुलीने आधार दिला. आधी पलंगाच्या कडेला उभं राहणं. मग भिंतीला धरून दोन पावलं. तो कुठवर आला, तिथे मुलगी खडूने जमिनीवर रेघ मारायची. एकदा तो पडला आणि आठ दिवस रेघ पुढे सरकली नाही. त्या आठ दिवसांत मला फार भीती वाटली, ती मी लपवत नाही. नवव्या दिवशी तो आपला आपण उठला, माझ्यावरची ओळ त्याने दुरूनच मोठ्याने वाचली, अडखळत, आणि शेवटी एक अशी शिवी हासडली, की ती मी तुम्हाला सांगू शकत नाही.

पाचव्या महिन्यात तो बसला. मी अशी किंचाळले, की मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. तो घामाने निथळत होता आणि पोटभर हसत होता. “लिही त्याला,” तो म्हणाला. “बसलो. आता बोल.” मुलीने तेवढंच पत्र पाठवलं. उत्तरादाखल एक फोटो आला, त्यावर लिहिलं होतं : ‘नशीब तुझं. पुन्हा समोर ये, मग दाखवतो.’ खाली नम्र वगैरे काही नव्हतं. तो फोटो भिंतीवर लागला, सुलटा.

कर्दनकाळाने आता माझ्या जागी एकशे अठरा नंबरची घेतली आहे. माझीच धाकटी बहीण. आवाज बेताचाच आहे, असं ऐकते.

परवा मुलगी बारीक ब्रश आणि रोगणाचा डबा घेऊन आली. रोज बसून बसून माझ्यावरची ओळ पुसट होत चाललीय ना! “बाबा, वरून एक हात मारते. आठवण आहे, जपून राहील. आणि बसायला आपण दुसरी खुर्ची आणू.” म्हाताऱ्याने डब्याचं झाकण घट्ट लावून टाकलं. “अजिबात नाही,” तो म्हणाला. “ही ओळ मी बसून पुसणार आहे.”

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला तेल द्या, तिचा ढिला झालेला स्क्रू आवळा, पण कृपा करून तिला शोभेला ठेवू नका. तिला काम द्या. माझ्या पायाला तेवढं एक रबर कुणी आणून लावलं, तर माझी आणखी वीस वर्षं कुठे गेली नाहीत.

आता पुरे करते. शनिवारची दुपार आहे, टीव्ही लागलाय, रिंगमध्ये कर्दनकाळ आलाय. आणि पलंगावरून म्हातारा उठलाय. मध्ये फक्त अकरा फूट.